पाड्यावरची रेंज : टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंत

(संस्थेच्या सहायक मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या कापणीच्या सणाची अर्पणे आपल्या मंडळ्यांनी डोंगरातल्या कामासाठी राखून ठेवली आहेत. त्याबद्दल प्रथम आभार मानते. या पैशांतून पाड्यांवरच्या कुटुंबांना फाइव्ह-जी फोन आणि मुलांच्या अभ्यासवर्गाला फाइव्ह-जी टॅब घेऊन द्यावेत, अशी सूचना आली आहे. सूचना मनापासून आलेली आहे. पण खर्च करण्यापूर्वी हे 'जी' म्हणजे काय, जुन्या आणि नव्यात फरक कोणता, आणि सातपुड्यात त्यातले काय चालते, हे आपल्यापुढे ठेवावे असे कार्यकारिणीने मला सांगितले. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाचे. विजेच्या लहरींशी माझा संबंध तसा नाही. पण अक्राणी तालुक्यात पायी फिरणाऱ्या माणसाला रेंज हा विषय शिकावाच लागतो. टॉवरवर काम करणाऱ्या मुलांना प्रश्न विचारून विचारून मी तो थोडाफार शिकले.

'जी' म्हणजे जनरेशन, पिढी. पहिली पिढी जपानात १९७९ साली सुरू झाली. ती आपल्याकडे आलीच नाही. भारतात मोबाइल सुरू झाला तो थेट दुसऱ्या पिढीने. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळी फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत. येणारा कॉल फुकट झाला २००३ साली, आणि माझ्या मते गरिबाच्या हातात फोन आला तो त्या दिवसापासून. त्याच्या खिशात रुपया नसला तरी त्याला कुणीतरी हाक मारू शकत होते. मिस्ड कॉल देऊन 'मी पोचलो, आता तू कर' असे सांगण्याची विद्या आपल्या लोकांनी स्वतः शोधून काढली. ती कोणत्याही कंपनीने शिकवलेली नाही.

टू-जीमध्ये तुमच्या आवाजाला जागा राखून ठेवलेली असते. एका लहरीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात आणि पाळी इतकी झटपट फिरते की कुणाला पत्ता लागत नाही. एसटीत सीट राखून ठेवावी तसे हे आहे. गाडी सुटली की ती सीट उतरेपर्यंत तुमची. सपाट, मोकळ्या जागी टू-जीचा टॉवर तत्त्वतः पस्तीस किलोमीटरवरचा फोनही सांभाळू शकतो. आपल्याकडे मध्ये डोंगर आहेत, म्हणून तेवढे मिळत नाही, पण आवाज तुटका का होईना, पोचतो. आणि या पिढीचा साधा बटणांचा फोन एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो. ज्या पाड्यावर पावसाळ्यात वीज आठ-आठ दिवस जाते, तिथे ही गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे.

एसएमएस हेही याच पिढीचे लेकरू. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला आणि त्यात 'मेरी ख्रिसमस' एवढेच लिहिले होते. आपल्या लोकांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीत लिहिले तर ७०च. तीस वर्षांपूर्वीची ही एवढीशी चिठ्ठी. पण आज सरकारदरबारचा जवळपास प्रत्येक दरवाजा तिनेच उघडतो, कारण ओटीपी तिच्यावरून येतो.

आता आपल्याच नंदुरबार जिल्ह्याचे पाहा. देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. देशाचे पंतप्रधान त्यासाठी आले होते. त्या गावापासून वर पाहिले की सातपुडा दिसतो. त्या डोंगरावरच्या पाड्यांत आधार क्रमांक आहे, बँक खाते आहे, आणि आधाराचा ओटीपी आला तर तो दहा मिनिटांत शिळा होतो. जक्कय उंबराच्या झाडावर चढला तो प्रभूला पाहायला. आमच्याकडे बायका टेकडीवर चढतात त्या सहा आकडे पाहायला.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधाराचा ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधाराचाही ओटीपी मागितला जात होता. आमच्याकडचे पुरुष ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हणजे अर्ज भरायला लागते इंटरनेट, ते इथे टेकडीवर. चिठ्ठी येणार नवऱ्याच्या फोनवर, तो तिकडे उसाच्या फडात. त्याने ती वाचायची आणि दहा मिनिटांच्या आत आवाजी फोन करून बायकोला आकडे सांगायचे. नव्या पिढीचे नेट, जुन्या पिढीची चिठ्ठी आणि जुन्या पिढीचा आवाज, या तिन्ही गोष्टी दोन राज्यांत एकाच वेळी चालल्या तर पंधराशे रुपये सुरू राहतात. त्यातली एक बंद पडली की बाकीच्या दोन कितीही वेगवान असून उपयोग नाही.

टू-जीची बाजू मी मांडते आहे म्हणून त्याचे दोषही सांगायला हवेत. त्यावर नेट चालते ते नावालाच. आणि ते सुरक्षित नाही. टू-जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची ओळख तपासत नाही. खोटा टॉवर उभारून फसवता येते. पुढच्या पिढ्यांनी ही चूक सुधारली.

थ्री-जीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. २०१० साली सरकारने त्याच्या लहरींचा लिलाव केला, कंपन्यांनी ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मोजले, आणि मोजलेले पैसे वसूल करायला त्या शहरांत गेल्या. डोंगर चढायचे त्यांना कारण नव्हते. नंतर खासगी कंपन्यांनी थ्री-जी गुंडाळत आणले. आमचे पुष्कळ पाडे टू-जीवरून एकदम फोर-जीवर आले, आणि काही शून्यावरून एकदम फोर-जीवर.

फोर-जी आपल्या देशात २०१२ साली कोलकात्यात आले, पण घराघरात शिरले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर. ही पिढी मागच्या पिढ्यांपेक्षा मुळातच वेगळी आहे. फोर-जीमध्ये आवाजासाठी राखीव सीट नाही. सगळा माल एकाच गाडीतून जातो. तुमचे बोलणे, शेजाऱ्याचा सिनेमा, दुकानदाराचे रेशनचे मशिन, सगळ्यांचे बारीक बारीक तुकडे करून ते एकत्र पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जुळवतात. आपल्या धडगाव रस्त्यावरची काळीपिवळी आठवा. राखीव जागा कुणालाच नाही, पण माणसे एसटीपेक्षा जास्त जातात. मात्र आवाज या गाडीत बसवायचा तर फोनलाही ती युक्ती यावी लागते. ज्या जुन्या फोर-जी फोनला ती येत नाही, तो नेट फोर-जीवर वापरतो आणि कॉल आला की गुपचूप टू-जी किंवा थ्री-जीवर उतरतो. खालची पायरीच काढून टाकली तर पाय कुठे ठेवणार?

हे नुसते तर्काचे नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरात थ्री-जी बंद केले, तेव्हा असे उघड झाले की काही फोन एरवी फोर-जीवर नीट चालतात, पण पोलीस-रुग्णवाहिकेचा तातडीचा नंबर लावला की ते थ्री-जी शोधतात. शेवटी असे फोन नेटवर्कवरून बंदच करायचा हुकूम तिथल्या सरकारला काढावा लागला. तो श्रीमंत देश. तिथल्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवा फोन घेतला असेल. आमच्याकडे बाळंतीण अडली की आशाताई १०८ ला फोन लावते. तो कॉल म्हणजे आवाज. त्याला व्हिडिओ नको, अ‍ॅप नको. लागला पाहिजे, आणि पलीकडच्या माणसाला पाड्याचे नाव कळले पाहिजे, इतकेच. (ज्यांच्या फोनवर आपल्या कंपनीची रेंज नसते त्यांनी ११२ लावून पाहावा. आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो कॉल त्याच्यावरून जातो. ही गोष्ट आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, तुम्हीही प्रवासात लक्षात ठेवा.)

आपल्या देशात टू-जी अजून बंद झालेले नाही. पण 'टू-जी-मुक्त भारत' अशी घोषणा ऐकू येते. २५ कोटी लोक अजून टू-जीमध्ये अडकले आहेत, असे जिओने २०२३ साली म्हटले. 'मुक्त' शब्द आपण रोगराईसाठी वापरतो, म्हणून मला तो इथे खटकतो. ज्या बाईचा बाराशे रुपयांचा फोन पाच वर्षे बिनतक्रार चालला, ती अडकलेली आहे की नाही हे तिला विचारून ठरवावे. तरीही वारा कुठल्या दिशेने वाहतो हे उघड आहे. टू-जी आज ना उद्या जाणार. म्हणून आज टू-जीचे फोन वाटणे हेही शहाणपणाचे नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

फोर-जीमुळे झालेले भले मी डोळ्यांनी पाहते. ई-संजीवनीवर उपकेंद्रातली ताई मोठ्या डॉक्टरांना पेशंट दाखवते. ऊसतोडीला गेलेली आई आश्रमशाळेतल्या लेकीचे तोंड फोनवर पाहते, आणि जिला लिहिता-वाचता येत नाही तिला तोंड दिसणे म्हणजे काय ते मी वेगळे सांगायला नको. पावरी भाषेतले बोलणे रेकॉर्ड करून पाठवता येते, चिठ्ठीतल्या सत्तर अक्षरांची अडचण उरत नाही. आणि सरकारने फोर-जी गरजेचे करूनही टाकले आहे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी अ‍ॅपवर घेऊ लागले, मजुरांचे दिवसातून दोन फोटो. फोटो काढला तरी तो वर चढवायला नेट लागते. नाही चढला तर घाम गाळलेला दिवस कागदावर येत नाही.

सरकार टॉवर बांधत नाही असेही नाही. २०२१ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांसाठी फोर-जी मंजूर झाले. नंदुरबार हाही आकांक्षित जिल्हा आहे. २०२२ च्या जुलैत देशातल्या आणखी २४,६८० गावांसाठी २६ हजार कोटींची योजना आली. २०२५ च्या सप्टेंबरात बीएसएनएलच्या ९७ हजारांहून अधिक फोर-जी टॉवरांचे उद्घाटन झाले. आणि सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर बीएसएनएल, जिओ, एअरटेल अशा कोणत्याही सिमने फोर-जी वापरता यावे, अशी सोय २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाली. ही फार चांगली गोष्ट आहे. आपल्या भागातल्या कोणत्या टॉवरवर ती खरोखर चालू आहे, याची नोंद आमचे कार्यकर्ते ठेवत आहेत, आणि जिथे चालत नाही तिथे ग्रामसभेचा ठराव करून अर्ज देत आहेत. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, पण ते आहे.

आता थोडे लहरींबद्दल, कारण खरेदीचा सगळा घोळ इथे आहे. बीएसएनएलला फोर-जीसाठी ७०० मेगाहर्ट्झची लहर मिळाली आहे. तिची लांबी सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर. फाइव्ह-जीला शहरांत मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झची लहर वापरतात. ती जेमतेम नऊ सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वळते, भिंतीतून, ओल्या पानांतून बरी पार होते. आखूड लहर भरपूर माल नेते, पण लवकर थकते आणि आडोसा आला की थांबते. म्हणून फाइव्ह-जीला टॉवर जवळजवळ लागतात. शहरात ते परवडते. दोन टेकड्यांमध्ये पाच घरे असलेल्या पाड्यासाठी ते कोण उभारणार? शिवाय टॉवरच्या मागून येणारी वाहिनी लक्षात घ्या. शहरात टॉवरला जमिनीतून फायबर येते. डोंगरात पुष्कळ ठिकाणी एक टॉवर दुसऱ्याकडे तबकडी करून उभा असतो आणि त्या तबकडीतून सगळे चालते. नळ कितीही मोठा बसवला तरी मागचा पाइप बारीक असेल तर हंडा भरायला वेळ तेवढाच लागणार. साखळीतला एक टॉवर विजेअभावी बंद पडला की पुढचे मुके होतात.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले आणि आता ते जवळपास सगळ्या जिल्ह्यांत पोचले आहे. जिल्ह्यात पोचणे आणि पाड्यात पोचणे यांत मात्र एक घाट असतो. नव्याण्णव मेंढरे कळपात आली की मोजणी संपली, असे आपल्याला शिकवलेले नाही.

फाइव्ह-जी फोन टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. तो फोर-जीवरही चालतो, टू-जीवरही चालतो. पण जिथे फाइव्ह-जीचा टॉवर नाही तिथे त्याची जास्तीची किंमत खिशात निजून राहते, आणि त्या किमतीत आणखी दोन-तीन घरांना फोन मिळाला असता. दुसरा, जास्त महत्त्वाचा धोका वेगळाच आहे. ७०० मेगाहर्ट्झची लहर पकडणारा पट्टा, ज्याला फोनच्या डब्यावर 'बँड २८' असे लिहिलेले असते, तो स्वस्त फोनांत पुष्कळदा नसतोच. म्हणजे बाहेर मोठ्या अक्षरात फोर-जी लिहिलेला फोन बीएसएनएलच्या टॉवरखाली आणावा आणि त्याने मान हलवावी, असे होऊ शकते. काही स्वस्त फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, तेही आपल्या कामाचे नाहीत. तुमच्या घरातले जुने फोन तुम्ही आम्हाला देता, त्यांनाही हेच लागू आहे. देण्यापूर्वी मुलाकडून दोन गोष्टी बघून घ्या. फोर-जीवर आवाजी कॉल होतो का, आणि बँड २८ आहे का. नसेल तर तो फोन धडगाव, शहादा या गावांतल्या माणसाच्या उपयोगी पडेल, डोंगरातल्या नाही. आणि चार्जरशिवाय फोन कृपा करून देऊ नका.

एक प्रश्न मात्र मला टाळायचा नाही. आपल्या वसतिगृहातल्या एका अकरावीच्या मुलाने तो विचारला. "ताई, शहरातल्या पोरांना नवं आणि आम्हाला नेहमी जुनं, असं का?" त्याचा प्रश्न रास्त आहे. मिशनच्या पेट्यांतून आपण वर्षानुवर्षे जुने कपडे, जुनी पुस्तके पाठवत आलो. पाड्यासाठी फोर-जी पुरे, असे म्हणताना मी त्याच पेटीत आणखी एक जुनी वस्तू टाकते आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. तो मुलगा नंदुरबार शहरात राहतो. तिथे फाइव्ह-जी मिळते, त्याला परीक्षांची तयारी करायची आहे, त्याचे वर्गमित्र तेच वापरतात. तेव्हा वसतिगृहासाठी फाइव्ह-जीची जोडणी घ्यावी, चांगली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या आईला मात्र पाड्यावर असा फोन हवा जो तिच्या टॉवरशी बोलतो. दोघांना सारखे देण्याने न्याय होतो असे मला वाटत नाही. दोघांचा फोन लागला पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी. एकदम पन्नास-साठ फोनांची मागणी नोंदवू नये. आधी वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन-चार फोर-जी फोन आणावेत, त्यांत बटणांचेही असावेत. ते घेऊन कार्यकर्त्यांनी पाच-सहा पाड्यांवर प्रत्यक्ष जावे, टॉवरखाली आणि टॉवरपासून दूर, घरात आणि ओसरीवर, कॉल लावून पाहावा. सीमेवरच्या पाड्यांत तर फोन कधी गुजरातचा टॉवर पकडतो, कधी मध्य प्रदेशचा, तेही तिथे गेल्यावरच कळते. जो फोन चालेल तोच घ्यावा. अभ्यासवर्गासाठी सिम नसलेले साधे टॅब पुरतात. धडे धडगावात उतरवून घ्यायचे आणि पाड्यावर नेटशिवाय दाखवायचे. वाचलेल्या पैशांतून सौर चार्जर घ्यावेत, एका पाड्याला एक. आणि रिचार्जचा विचार करावा. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावेत, असा नियम ट्रायने २०२४ च्या डिसेंबरात केला आहे, आणि त्याची मुदत वर्षापर्यंत असू शकते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि आशाताईंना असा वर्षाचा रिचार्ज मंडळीने भरून दिला, तर तो फोनइतकाच मोठा उपकार होईल. फोन दिला आणि तीन महिन्यांनी सिम बंद पडले, असे व्हायला नको.

चहानंतर कार्यकारिणी याच विषयावर बसणार आहे. दोन फोनांचे डबे मी नमुन्यादाखल आणले आहेत आणि बँडचे आकडे त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापले आहेत. कुणाचा चष्मा चांगला असेल तर त्यांनी कृपया थांबावे.